मान वर करून चाला!

छोट्या दोस्तांनो,

आज एक सोप्पा प्रश्न विचारते. उत्तर मात्र खरं द्यायचं हं! तुम्ही रोज ज्या रस्त्यानं शाळेत जाता, त्या रस्त्यावरची तिसरी इमारत डोळ्यांपुढे आणा. तिच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या कशा आहेत? चौकोनी की कमानीच्या? कठडा लाकडी की लोखंडी? छप्पर कौलांचं की गच्ची?

नाही ना आठवत? लाजू नका. मला तर त्याहून मोठी गोष्ट दिसली नव्हती.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून डी.एड. करून मी मुंबईला नोकरीला आले, तेव्हा रोज सकाळी लोकलनं सी.एस.टी.ला उतरायचे. उतरायचं, पर्स घट्ट धरायची आणि गर्दीतून वाट काढत भुयारी मार्गात शिरायचं. माझं सगळं लक्ष पुढच्या माणसाच्या चपलांकडे! असं जवळजवळ वर्षभर चाललं. मग एकदा चौथीच्या मुलांना घेऊन मी तिथून जात होते, तर एक मुलगी थांबली ती थांबलीच. "बाई, भिंतीवर मोर आहे!" मी म्हटलं, "चल गं, उशीर होतोय." ती काही हलेना. शेवटी वैतागून मी वर पाहिलं. खरंच की! दगडात कोरलेला मोर, पिसारा फुलवलेला. त्याच्या आजूबाजूला पानं, फुलं, वेली. वर्षभर मी त्याच्याखालून गेले होते आणि मला तो एकदाही दिसला नव्हता. चौथीतल्या मुलीनं बाईंना धडा शिकवला, दुसरं काय!

तेव्हापासून आमच्या वर्गाचा एक नियम ठरलाय. वर्षातून एका रविवारी सकाळी लवकर निघायचं आणि मुंबई पायी बघायची. बसायचं नाही, धावायचं नाही, मान वर करून चालायचं. आज तुम्हालाही घेऊन जाते. चला, पाण्याची बाटली घ्या, वही-पेन्सिल घ्या. आई-बाबांनाही घ्या बरोबर. मोठ्यांनाही मान वर करायची सवय राहिलेली नसते.

सुरुवात अर्थातच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून. स्टेशनाबाहेर येऊन समोरच्या फूटपाथवर उभे राहा, म्हणजे अख्खी इमारत डोळ्यांत मावेल. तिचं पहिलं नाव व्हिक्टोरिया टर्मिनस. तुमचे आजोबा अजून 'व्ही.टी.' म्हणत असतील! १९९६ मध्ये तिला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं आणि २०१७ मध्ये त्या नावात 'महाराज' हा शब्द आला. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि पुरं व्हायला जवळजवळ दहा वर्षं लागली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. आधी ते दहा महिने युरोपातली स्टेशनं बघून आले आणि मग कागदावर रेघा मारायला बसले. बघा, इतक्या मोठ्या माणसानंही आधी अभ्यास केला!

आता घुमटाच्या टोकावर बघा. एक बाई उभी आहे ना? एका हातात उंच धरलेली मशाल, दुसऱ्या हातात चाक. ती 'प्रगती'. चाक कशाला, हे आगगाडीच्या स्टेशनावर वेगळं सांगायला नको. आता खाली फाटकाकडे या. फाटकाच्या दोन खांबांवर दोन प्राणी बसलेत. एक सिंह, एक वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपला देश. आमच्या वर्गात एकदा यावर मोठं भांडण झालं होतं, की दोघांत जास्त रागावलेला कोण दिसतो. तुम्ही जाल तेव्हा ठरवा आणि मला कळवा.

भिंतीवर काही माणसांचे चेहरे कोरलेत. त्यात एक पगडीवाले आहेत, ते आपले जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना शंकरशेट. मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटलेले गृहस्थ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल. ते बोरीबंदर स्टेशन इथंच होतं.

पण मुलांनो, मी तुम्हाला खरं तर दुसऱ्याच माणसांबद्दल सांगणार आहे. हे मोर, ही पानं, छपराखालून तोंड काढणारे विचित्र प्राणी, हे सगळं कोरलं कुणी? स्टीव्हन्स साहेब काही छिन्नी-हातोडा घेऊन बसले नव्हते. पुष्कळसं कोरीवकाम केलं जवळच्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी. विद्यार्थी म्हणजे तुमच्या दादा-ताईंच्या वयाची मुलं! आणि बांधकामावर स्टीव्हन्स यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव नावाचे आपलेच इंजिनियर होते. त्यांचं नाव तरी राहिलं. दगड फोडणारे, वाहणारे, शिडीवर चढून बसवणारे शेकडो पाथरवट आणि मजूर होते, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. म्हणून मी मुलांना सांगते, दगडावर छिन्नीची खूण दिसली की क्षणभर थांबा. ती कुणाची तरी सहीच आहे.

हो, ते छपराखालचे विचित्र प्राणी म्हणाले ना मी? ते उगीच शोभेला नाहीत बरं का. जुन्या देवळात गोमुख बघितलंय? गाभाऱ्यातलं पाणी त्यातून बाहेर पडतं. तशीच ही सोय. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळलं तर दगड खराब होतो, म्हणून ते या प्राण्यांच्या तोंडातून लांब फेकायचं. पाण्याचा पन्हळच, फक्त त्याला चेहरा दिलेला!

आता खिडक्यांच्या कमानी बघा. वर निमुळत्या, टोकदार. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, "बाई, खिडकी नमस्कार करतेय." अगदी बरोबर. दोन्ही हात पुढे धरा, बोटांची टोकं एकमेकांना टेकवा. झाली टोकदार कमान! आता मित्राला म्हणावं, वरून हळूच दाब. दाब बोटांतून तळव्यांत आणि तळव्यांतून मनगटांत उतरतो, कळतंय? कमानीचं काम तेच. वरच्या भिंतीचं वजन दोन बाजूंच्या खांबांवर उतरवायचं. कमान गोल असेल तर ती बाजूच्या भिंतींना बाहेर जास्त ढकलते. टोकदार असेल तर वजन सरळ खाली उतरतं, म्हणून इमारत उंच चढवता येते. या पद्धतीला गॉथिक म्हणतात. ती युरोपातली. मुंबईत तिला इथले मोर, इथली पानं आणि इथले घुमट भेटले.

जगातला अमोल ठेवा म्हणून २००४ मध्ये युनेस्कोनं या स्टेशनाचं नाव आपल्या यादीत घातलं. विशेष म्हणजे या इमारतीतून आजही रोज लोकल सुटतात आणि डबेवाले, नोकरदार, शाळकरी मुलं त्यातून घाईघाईनं उतरतात. तिकीट खिडकीपाशी रांगेत उभे असाल तेव्हा वर छताकडे बघायला विसरू नका. रांग तशीही हळूच सरकते!

समोरच तिरपी जी इमारत दिसते, ती महापालिकेची. तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ मध्ये पुरी झाली. दोन्ही इमारतींत काय सारखं आणि काय वेगळं, हे शोधायचा खेळ खेळा. उत्तर मी सांगणार नाही.

आता दादाभाई नौरोजी मार्गानं दक्षिणेकडे चालू लागा. ऊन असलं तरी डोक्यावर येणार नाही. का? कारण इथला फूटपाथ इमारतींच्या खालून जातो. वर इमारत, खाली खांब आणि कमानी, आणि त्यांच्या आतून चालणारे आपण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या रस्त्यावर इमारत बांधणाऱ्यांना सरकारनं अटच घातली होती, की खाली लोकांना चालायला अशी सावलीची जागा सोडायची. मुंबईचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. छत्री विसरलेल्या माणसाला इथून बरंच अंतर न भिजता जाता येतं. नियम करणाऱ्याला पायी चालणाऱ्या माणसाची आठवण होती, याचं मला फार कौतुक वाटतं. हल्लीचे काही फूटपाथ बघितले की तर जास्तच!

चालता चालता एक कोडं. या भागाला 'फोर्ट' म्हणतात. फोर्ट म्हणजे किल्ला. मग किल्ला कुठाय?

होता! इंग्रजांनी इथं वस्तीभोवती तटबंदी बांधली होती. तिला तीन दरवाजे होते. अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. चर्चगेट स्टेशनात 'गेट' का आहे, ते आता कळलं ना? तटाच्या बाहेर मोठं मैदान मोकळं ठेवलेलं होतं. शत्रू आला तर त्याला लपायला जागा नको आणि आपल्या तोफांना समोर आडोसा नको! पुढे शत्रूची भीती उरली नाही आणि आत माणसांची दाटी मात्र फार झाली. तेव्हा १८६० नंतरच्या काही वर्षांत, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तट पाडून टाकला. मोकळ्या झालेल्या जागेवर या सगळ्या भल्यामोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आणि उरलेली मोकळी जागा? तिथं आज तुम्ही क्रिकेट खेळता. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल मैदान. तोफांसाठी राखलेली जागा चेंडू-फळीच्या कामी आली, याहून चांगलं काय व्हायचं?

आता आणखी एक प्रश्न. इमारती बांधायला पैसा कुठून आला? उत्तर ऐकून चकित व्हाल. कापसातून! १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग त्यांनी आपल्याकडून कापूस घ्यायला सुरुवात केली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती पैशाचा पूर आला. युद्ध संपलं तसा तो पूर ओसरला आणि भलेभले श्रीमंत एका रात्रीत कंगाल झाले. तेव्हा आजोळी कुणाचा कापसाचा मळा असेल, तर त्यानं या इमारतींकडे जरा हक्कानं बघायला हरकत नाही!

बोलता बोलता हुतात्मा चौक आला. मधोमध पांढऱ्या दगडाचं कारंजं, त्यावर उभी फ्लोरा, रोमन लोकांची फुलांची देवी. हे कारंजं १८६४ चं. गंमत म्हणजे ते आधी भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवायचं ठरलं होतं. नशिबानं ते इथं आलं. त्याच्याच शेजारी मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात मोर्च्यावर गोळीबार झाला होता. दोन्हींमध्ये थोडा वेळ उभे राहा. एक देवी परक्या देशातून आलेली, दोन माणसं इथल्या मातीतली.

इथून डावीकडे वळलात की पाच मिनिटांत हॉर्निमन सर्कल. वाटेत सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं, १७१८ पासूनचं. चर्च गेटमधलं 'चर्च' हेच. पूर्वी मुंबईतली अंतरं इथून मोजायचे आणि तसे मैलाचे दगड रस्त्यांवर बसवायचे. म्हणजे मुंबईचा शून्य इथं होता.

हॉर्निमन सर्कल म्हणजे मधे गोल बाग आणि भोवती अर्धगोल फिरलेल्या इमारती. पूर्वीचं नाव एल्फिन्स्टन सर्कल. नंतर नाव दिलं बी. जी. हॉर्निमन यांचं. ते होते इंग्रज, पण 'बॉम्बे क्रॉनिकल' या वर्तमानपत्राचे संपादक म्हणून भारताच्या बाजूनं लिहायचे. म्हणून १९१९ मध्ये त्यांच्याच सरकारनं त्यांना हद्दपार केलं. इथल्या कमानींच्या अगदी टोकाशी बसवलेला मधला दगड बघा. कमान बांधताना हा सगळ्यांत शेवटी बसतो आणि तो बसला की बाकीचे दगड घट्ट राहतात. इथं त्या दगडांवर चेहरे कोरलेत! आमच्या मुलांनी प्रत्येकाला नाव ठेवलंय. एकाला 'गणिताचे सर' म्हणतात. सर माझे चांगले मित्र आहेत, म्हणून जास्त सांगत नाही.

समोर पांढऱ्या खांबांची, भल्या रुंद पायऱ्यांची इमारत दिसते, तो टाऊन हॉल. १८३३ मध्ये बांधून झाला. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. इथं टोकदार कमान शोधूनही सापडणार नाही. सगळे जाडजूड उभे खांब, जुन्या ग्रीक देवळांसारखे. पायऱ्या किती, ते चढून मोजा. आमच्यातल्या पाच जणांची पाच उत्तरं आली होती!

आता पाय दुखू लागले असतील. वर जरा बसा, डबा उघडा. आम्ही इथंच पोळी-भाजी खातो. कागद, साली मात्र पिशवीत भरून परत न्यायच्या.

पोटात काही गेलं की पुन्हा हुतात्मा चौकातून सरळ पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे. इथं मला दर वेळी वाटतं, की सगळी मुंबई सोडून नुसतं हे मैदान दाखवलं तरी चालेल. मैदानाच्या मधोमध उभे राहा आणि आधी पूर्वेकडे तोंड करा.

काळाकभिन्न दिसतो तो उच्च न्यायालयाचा वाडा. १८७८ मध्ये बांधून झालेला. दगड आपला काळा कातळ, ज्यातून सह्याद्री झाला, आपले किल्ले झाले, अजिंठ्याची लेणी खोदली गेली. हा दगड फार टणक. त्यात बारीक नक्षी कोरायला वेळ आणि कष्ट फार लागतात. म्हणून मुंबईच्या या इमारतींत भिंतींना काळा किंवा पिवळसर दगड आणि नक्षीला पोरबंदरहून आणलेला मऊ, फिकट दगड, अशी वाटणी पुष्कळदा दिसते. न्यायालयाच्या आत एका खांबावर न्यायाधीशाच्या जागी माकड कोरलंय, हातात तराजू आणि एक डोळा बांधलेला! कुणा ठेकेदाराचा खटला फिसकटला आणि त्यानं असा सूड उगवला, अशी त्याची दंतकथा आहे. रस्त्यावरून ते दिसत नाही, पण सूड कसा हसतहसत घ्यावा याचा तो नमुना आहे.

त्याच्या शेजारी राजाबाई टॉवर. उंची ८५ मीटर. मुंबईतली ती त्या काळातली फार उंच इमारत. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते मुंबईला कधी आलेच नाहीत! लंडनमध्ये बसून कागद पाठवले आणि इथल्या माणसांनी ते दगडात उतरवले. पैसे दिले प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्यानं, दोन लाख रुपये, आणि आईचं नाव टॉवरला द्या म्हणाले. आई राजाबाई. त्या आंधळ्या होत्या आणि सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता, म्हणून वेळ कळावी एवढ्यासाठी मुलानं घड्याळाचे टोल मागितले, असं सांगतात. पुढे कापसाचा बाजार कोसळला आणि प्रेमचंदांचंही फार नुकसान झालं. टॉवर मात्र १८७८ मध्ये उभा राहिला.

टॉवरच्या वरच्या भागात २४ पुतळे आहेत. राजेराणी नव्हेत, तर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं, आपापल्या पागोट्यांत, आपापल्या पोशाखात. त्या कामात मुकुंद रामचंद्र या आपल्याकडच्या इंजिनियरचा मोठा हात होता. दुर्बीण असेल तर आणा. नसेल तर हाताची नळी करून एका डोळ्यानं बघा, खरंच जास्त नीट दिसतं.

आता तिथंच उभं राहून गर्रकन मागे वळा. काय झालं? जणू पन्नास-साठ वर्षं पुढे उडी मारली! पश्चिमेकडे सगळ्या चार-पाच मजली, गुळगुळीत, फिकट रंगांच्या इमारती. टोकदार कमान नाही, मोर नाही. बाल्कन्या वळणदार, आगबोटीच्या कठड्यासारख्या. काही ठिकाणी आगबोटीसारख्या गोल खिडक्या. फाटकावर उगवता सूर्य, भिंतीवर लाटा. खिडक्यांवर लांबच लांब छज्जे, भुवयांसारखे. या पद्धतीला आर्ट डेको म्हणतात. १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत या बांधल्या गेल्या, तेव्हा दगडाची जागा सिमेंट-काँक्रीटनं घेतली होती. लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटला वाकवता येतं, म्हणून बाल्कनी वळू शकली, छज्जा खांबाशिवाय पुढे येऊ शकला. छज्जा पुढे आला म्हणून खिडकीत ऊन कमी आणि पाऊस कमी.

आणि आगबोटीच का? एक तर त्या काळी प्रवासाची सगळ्यांत ऐटबाज गोष्ट म्हणजे आगबोट. आणि दुसरं म्हणजे या इमारती उभ्या आहेत ती जमीनच समुद्रातून काढलेली! पूर्वी समुद्र चर्चगेटच्या रेल्वे रुळांच्या जवळपर्यंत होता. भर घालून तो मागे सारला आणि मरीन ड्राइव्हपर्यंत नवी जमीन झाली. एका मैदानाच्या दोन बाजूंना दोन शतकं समोरासमोर बसलीत. २०१८ मध्ये युनेस्कोनं हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरवला, तो दोन्ही बाजूंसकट.

मैदानाच्या उत्तर टोकाला चर्चगेट स्टेशन. त्याच्यासमोर १९३८ चं इरॉस थिएटर, कोपऱ्यावर थराथरांनी चढत गेलेलं. ते बघा आणि लोकल पकडून घरी जा. चाल संपली.

पण गोष्ट संपली नाही. गेल्या खेपेला घरी जाताना मी मुलांना गृहपाठ दिला होता. 'तुम्ही राहता त्या इमारतीचं चित्र काढून आणा.' सोमवारी सगळ्यांनी वह्या दिल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाचं पान कोरं. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "आमची चाळ आहे बाई. जुनी. बघण्यासारखं काही नाही. आणि दिवाळीनंतर पाडणारच आहेत."

मला काय बोलावं सुचेना. शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर गेले. मजला दुसरा, लांब व्हरांडा, कपडे वाळत घातलेले. त्याच्या आजीनं चहा ठेवला. तो मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि आम्ही दोघांनी मान वर केली. छताला धरून ठेवणारे बिडाचे कंस होते, प्रत्येकात एक फूल ओतलेलं. कठड्याच्या लाकडी फळीत बदाम कापलेले. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. तो म्हणाला, "बाई, ही फुलं मी कधी बघितलीच नव्हती." आजी चुलीपासूनच ओरडली, "मी बघितलीत रे! लग्न होऊन आले ना, तेव्हा पहिल्या रात्री झोप येईना, तर फुलंच मोजत बसले होते. एकवीस आहेत."

आम्ही मोजली. एकोणीस भरली. दोन ठिकाणी नुसत्याच सळया, फुलं कधीतरी पडून गेलेली. आजीच्या डोळ्यांपुढे अजून एकवीस होती!

पुढचा महिनाभर तो मुलगा सुट्टीत पट्टी घेऊन फिरायचा. व्हरांड्याची लांबी पावलांत, जिन्याची उंची वितीत, खोलीचा दरवाजा दोरीनं. शेजाऱ्यांना विचारून कोणत्या खोलीत कोण राहायचं, ते लिहायचा. चित्र एवढं वाढलं की कागदाला कागद चिकटवावे लागले. दिवाळीनंतर ते सगळे दुसरीकडे भाड्यानं राहायला गेले. नवी इमारत होईल तेव्हा परत येतील. चाळीभोवती आता निळे पत्रे लागलेत. चित्र आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर आहे, आणि त्यात फुलं एकवीस आहेत.

तेव्हा दोस्तांनो, मुंबईला यायला जमलं तर छान. नाही जमलं तरी तुमच्या गावात वेस असेल, वाडा असेल, टपाल कचेरी असेल, तुमची स्वतःची इमारत तर नक्कीच असेल. या रविवारी तिच्यासमोर उभे राहा. पाच गोष्टी शोधा, ज्या तुम्ही आजवर बघितल्या नव्हत्या. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा, त्यांना काय आठवतं. चित्र काढा आणि मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा. चित्र चांगलं यायला हवं असं मुळीच नाही. मोजमाप मात्र लिहा, पावलांत लिहिलंत तरी चालेल. आई-बाबा, तुम्ही रेघा आखून देऊ नका हं!

आणि तो सिंह की वाघ, ते राहिलंच. तेही लिहा.

तुमची,
बाई